दोन सेकंद कुणी मोजले? आर्क फ्लॅशच्या अंदाजाचं एक वाचन

‘पेपर क्रिटिकली वाचा’ असं प्रत्येक गाईड सांगतो आणि आपण मान डोलावतो. पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोघातिघांनी मला हेच विचारलं, की ताई, म्हणजे नेमकं काय करायचं? व्याख्या सांगून हे समजत नाही. म्हणून आज एकच दस्तऐवज घेऊन बसूया. तो माझ्या विषयातला नाही. मी फिजिक्सवाली, प्लाझ्मावर काम करते. पण मागच्या उन्हाळ्यात एमटेक करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रोजेक्ट रिपोर्ट तपासायला हातात आला, आणि त्यातलं प्लाझ्मा सोडून बाकी सगळंच शिकावं लागलं.

प्रोजेक्ट असा होता. छत्रपती संभाजीनगरातल्या एका शिक्षणसंस्थेची इमारत. स्वतःचा 11 केव्ही जोड, आवारात दोन खांबांवरचा 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, तिथून केबल जिन्याखालच्या पॅनल रूममध्ये. वीज इमारतीत शिरते ती जागा ही. इथे पॅनल उघडून काम करताना शॉर्ट झालं तर किती मोठा भडका उडेल, आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर किती ऊर्जा पडेल, याचा अंदाज काढायचा. याला आर्क फ्लॅश स्टडी म्हणतात. उत्तर येतं कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, आणि ते लेबलवर छापून पॅनलच्या दारावर चिकटवतात.

मैत्रिणीचं उत्तर होतं 1.27. मी त्याच पॅनलचं गणित वहीत केलं आणि मला 50.7 मिळालं. दोघींचं समीकरण एकच, ट्रान्सफॉर्मर एकच, कॅल्क्युलेटरही तिचाच.

हे कसं झालं ते सांगण्याआधी या विषयाची थोडी वंशावळ. विजेने माणूस शॉकने मरतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण न शिवताही नुसत्या आर्कच्या उष्णतेने तो भाजू शकतो, हे आकड्यांत मांडलं राल्फ ली यांनी, 1982 च्या पेपरमध्ये. पेपरच्या नावातच त्यांनी याला विजेचा ‘दुसरा’ धोका म्हटलंय. लींची युक्ती बारावीतली आहे: मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर. आर्क म्हणजे एक रोध. त्याला जास्तीत जास्त किती पॉवर मिळेल? शॉर्ट सर्किट एमव्हीएच्या निम्मी. ती सगळी उष्णता गोलाकार पसरली असं धरा आणि किती अंतरावर त्वचा बरी होण्याइतकीच भाजेल ते काढा. प्रयोग जवळजवळ नाही, पण प्रत्येक गृहीतक डोळ्यांसमोर. मला हा पेपर फार आवडतो. चूक कुठे असू शकते हे वाचतानाच कळतं.

पुढे प्रयोग झाले. डाउटी, नील आणि फ्लॉइड यांनी 600 व्होल्टवर, उघड्यावर आणि पेटीत आर्क पेटवून मोजमापं केली. तो पेपर 2000 चा. पेटीत पेटवलेला आर्क तोंडाच्या दिशेने उष्णता फेकतो, त्यामुळे लींचा गोल तिथे अपुरा पडतो. मग 2002 मध्ये आयईईई 1584 ही मार्गदर्शिका आली, सुमारे 300 चाचण्यांवर बेतलेली. 2018 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, 1800 हून जास्त चाचण्यांची. आज कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, आत हीच बसलेली असते.

2018 च्या आवृत्तीचं कौतुक आधी करते, कारण टीका म्हणजे नुसतं उणं काढणं नव्हे. 2002 च्या चाचण्यांत कंडक्टर उभे होते. नव्या आवृत्तीत पाच मांडण्या आहेत: पेटीत उभे, पेटीत उभे पण टोकाला अडसर असलेले, पेटीत आडवे, आणि उघड्यावर उभे व आडवे. हा फरक निव्वळ फिजिक्सचा आहे. करंट कंडक्टरमधून येतो आणि आर्कमधून ओलांडतो. त्याच करंटचं चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला कंडक्टरच्या टोकाकडे ढकलतं, रेलगनमध्ये गोळा पुढे ढकलला जातो तसं. म्हणजे बसबारची टोकं दाराकडे रोखलेली असतील तर प्लाझ्माचा झोत सरळ उघडणाऱ्याच्या छातीवर. उभी असतील तर खाली आपटून पसरणार. इनकमिंग ब्रेकरच्या मागे बाहेर आलेल्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना केबलचे लग बोल्ट केलेले असतात. तिथे आडवी मांडणी निवडायला हवी. रिपोर्टमध्ये काय होतं? उभी. का? तोच पर्याय आधीपासून निवडलेला होता. पॅनल उघडून कुणी बघितलंच नव्हतं.

आता आकडे. मी 2002 चं समीकरण वापरतेय, कारण ते वहीच्या एका पानावर सुटतं. 2018 चं आधी 600 व्होल्टच्या गुणांकांनी काढून मग आपल्या व्होल्टेजला आणायचं असतं, ते हाताने करणं म्हणजे शिक्षा.

500 केव्हीए, 433 व्होल्ट, इम्पीडन्स 5 टक्के धरू. फुल लोड करंट 667 अँपिअर. पाठीमागची ग्रिड अमर्याद ताकदीची मानली तर शॉर्ट सर्किट करंट 13.3 हजार अँपिअर. हा झाला बोल्टेड फॉल्ट, म्हणजे तिन्ही फेज पट्टीने घट्ट जोडल्यासारखे. आर्क हवेतून जातो, त्याचा स्वतःचा रोध असतो, म्हणून आर्कचा करंट कमी: 25 मिलिमीटर अंतराला साधारण 7.7 हजार. माणूस 455 मिलिमीटरवर, म्हणजे हात लांब करून काम करताना छाती जिथे असते तिथे. आर्क 0.2 सेकंद टिकला तर 5.07 कॅलरी. 0.05 सेकंद टिकला तर 1.27. आणि 2 सेकंद टिकला तर 50.7.

सरळ रेषा आहे. ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते. बाकीचं सगळं फिजिक्स, म्हणजे पेटी, अंतर, मांडणी, एका पारड्यात टाका. त्याने उत्तर दुप्पट-तिप्पट हलेल. अंतर 455 ऐवजी 305 मिलिमीटर केलं, म्हणजे माणूस जरा वाकला, तर 1.9 पट. वेळेने मात्र ते 40 पट हललं. 1800 चाचण्यांनी पहिलं पारडं सुधारलं. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते चाचणीत मोजताच येत नाही. आर्क किती वेळ टिकेल हे तुमचा ब्रेकर किंवा फ्यूज ठरवतो.

मैत्रिणीने 0.05 कुठून घेतले? इनकमिंग ब्रेकरच्या ट्रिप टाइमवरून. हीच ती चूक. वीज इमारतीत शिरते त्या जागी ती जवळजवळ हमखास होते. ब्रेकर आपल्या पुढचा फॉल्ट तोडतो. त्याच्या मागच्या टर्मिनलवर, जिथे ट्रान्सफॉर्मरकडून केबल येते तिथे आर्क झाला, तर ब्रेकर ट्रिप होऊनही काही फरक पडत नाही, करंट त्याच्यातून जातच नाही. नळाच्या मागे पाइप फुटल्यावर नळ बंद करून काय होणार? शिवाय त्याच कप्प्यात ब्रेकरच्या पुढे सुरू झालेला आर्कही मागच्या पट्ट्यांवर उडी मारू शकतो. म्हणून इनकमिंगच्या कप्प्यापुरता तो ब्रेकर नाहीच असं समजायचं. मग आर्क तोडणार कोण? खांबावरचा 11 केव्हीचा फ्यूज, ज्याला सगळे डीओ म्हणतात.

आणि डीओला काय दिसतं? 7.7 हजार अँपिअर 433 व्होल्टवर आहेत. 11 केव्ही बाजूला त्याचे होतात फक्त 304. ट्रान्सफॉर्मरचा तिकडचा फुल लोड 26 अँपिअर, म्हणजे साधारण साडेअकरा पट. योग्य मापाचं एलिमेंट असेल तर ते उडेल, सेकंदाच्या काही दशांशात. पण आर्क तीन फेजवर न पसरता एका फेजचा बॉडीशी राहिला, तर डेल्टा-स्टार जोडणीमुळे वर दिसणारा करंट अजून 58 टक्क्यांवर येतो. त्याही मागचा सबस्टेशनमधला फीडर रिले जर 300 च्या वर सेट असेल, तर त्याच्या दृष्टीने हा आर्क म्हणजे थोडा वाढलेला लोड.

इथे एक गंमत आहे, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात शिकण्यासारखी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: ‘सर्वाधिक फॉल्ट करंट घेतला असल्याने हे वर्स्ट केस आहे.’ पटकन पटतं ना? तपासूया. समजा ग्रिड अमर्याद नाही, लांबच्या फीडरच्या टोकाला फॉल्ट लेव्हल फक्त 30 एमव्हीए आहे. मग बोल्टेड करंट 10 हजार, आर्कचा 6.1 हजार, आणि तेवढ्याच वेळेत ऊर्जा सुमारे 22-23 टक्के कमी. पण डीओला आता 304 ऐवजी 240 अँपिअर दिसतात. फ्यूज करंटच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वितळतो असं ढोबळ धरलं तरी वेळ 1.6 पट वाढते. गुणा: 0.775 गुणिले 1.6, म्हणजे 1.24. कमजोर ग्रिडवर ऊर्जा 24 टक्के जास्त! मराठवाड्यात लांबच लांब फीडर म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मार्गदर्शिकेला हे माहीत आहे. ती कमीत कमी फॉल्ट करंटचीही केस करायला सांगते. 2002 मध्ये आर्क करंट 85 टक्के धरून पुन्हा गणित करा असं होतं, 2018 मध्ये त्यासाठी व्होल्टेजनुसार बदलणारा गुणांक आहे. म्हणजे दोष दस्तऐवजाचा नाही, वाचणाऱ्याचा. ‘वर्स्ट केस’ हा शब्द कुठल्याही पेपरमध्ये दिसला की पेन्सिलीने खूण करा आणि उलट्या टोकाची केस स्वतः करून बघा.

आता ते दोन सेकंद. फ्यूजचा कर्व्ह नसेल किंवा वेळ खूप लांब येत असेल तर किती धरायची? मार्गदर्शिका म्हणते, माणसाला हलता येत असेल तर तो दोन सेकंदांत बाजूला होईल, म्हणून 2 सेकंद ही वाजवी कमाल. बकेट ट्रकमध्ये उभा असलेल्याला किंवा यंत्राच्या आत शिरलेल्याला जास्त वेळ लागेल, हेही ती सांगते. हे वाक्य मी तीनदा वाचलं. 1800 चाचण्यांच्या दस्तऐवजात उत्तरावर सगळ्यात जास्त परिणाम करणारा हा आकडा चाचणीतून आलेला नाही. तो समितीचा विवेक आहे. विवेकाला माझी हरकत नाही, त्याशिवाय इंजिनिअरिंग चालत नाही. हरकत आहे ती पुढच्या प्रवासाला. मार्गदर्शिकेत ‘हलता येत असेल तर’ अशी अट आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो एक टिकबॉक्स होतो. रिपोर्टमध्ये टिकबॉक्सही उरत नाही, नुसता आकडा उरतो, दोन दशांश स्थळांसकट.

अट तपासायची म्हणून मी मैत्रिणीबरोबर त्या पॅनल रूममध्ये गेले. जिन्याखालची जागा, छत उतरतं. दार आत उघडतं. एका बाजूला मोडकी बाकं रचलेली, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे आणि कुणाची तरी स्कूटी. पॅनलसमोर मोकळी जागा जेमतेम सव्वा मीटर. लींच्या सूत्राने, 10 एमव्हीए आणि 2 सेकंदांना, उघड्यावरसुद्धा 2.2 मीटर लांब असायला हवं. 2002 च्या पेटीवाल्या समीकरणाने तेच अंतर 4.5 मीटर येतं. (एकाच आर्कला दोन पद्धती दुपटीचा फरक देतात, हेही लक्षात असू द्या.) मागे वळायचं, स्कूटीला वळसा घालायचा, दार आपल्याकडे ओढायचं, तेही भडक्याने डोळे दिपलेले असताना. हे दोन सेकंदांत होईल?

इमारतीचे वायरमन काका सोबत होते. वीस-बावीस वर्षांची नोकरी. त्यांना विचारलं, “काका, इनकमिंगचे लग टाइट करायचे असले तर काय करता?”

“मेन पाडतो की मॅडम. पाडला की पॅनल डेड.”

“पण खालून केबल येते ती?”

काका थोडे थांबले. “ती लाइव्हच राहती. तिला हात नाही लावायचा.”

म्हणजे लग टाइट करायचे, पण लगला हात लावायचा नाही. त्यांनाही ते बोलल्यावर जाणवलं असावं, हसले. मग डीओबद्दल विचारलं. मागच्या पावसाळ्यात तीनदा गेला होता. तिसऱ्यांदा एलिमेंट मिळालं नाही, परीक्षा चालू होती, म्हणून जरा जाड तार टाकली. ती अजून तशीच आहे. कुणी टाकली हे मी विचारलं नाही.

त्या जाड तारेचा कर्व्ह कुठल्याही लायब्ररीत नाही. या क्षणी मैत्रिणीच्या रिपोर्टमधला प्रत्येक आकडा माझ्या डोक्यात अधांतरी झाला, माझा 50.7 सुद्धा.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. पहिली, 1.2 कॅलरी ही मर्यादा. याच्या वर दुसऱ्या डिग्रीचं भाजणं सुरू होतं असं धरतात. 1.2 कॅलरी म्हणजे किती? मे महिन्यातल्या दुपारचं ऊन साधारण 1000 वॅट प्रति चौरस मीटर. क्रांती चौकात सिग्नलला 50 सेकंद उभे राहा, तळहाताएवढ्या त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 1.2 कॅलरी पडते. भाजतो का आपण? नाही, रक्त आणि घाम ती उष्णता वाहून नेतात. तीच ऊर्जा एका सेकंदात पडली तर फोड येतो. म्हणजे भाजणं केवळ ऊर्जेवर ठरत नाही, ती किती वेगाने आली यावरही ठरतं. तरी लेबलवर मर्यादा एकच. शिवाय ती उघड्या त्वचेची आहे. काकांच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. तो पेटतो आणि वितळून चिकटतो, त्याचा हिशोब या आकड्यात नाही. स्फोटाचा दाब, उडणारे तुकडे, वितळलेला धातू यांचाही नाही, आणि मार्गदर्शिका हे लपवत नाही.

दुसरी, तांब्याची. आर्कमध्ये तांब्याची वाफ होताना ते 67 हजार पट फुगतं, हे वाक्य सुरक्षेच्या प्रत्येक पीपीटीत सापडतं. लींच्याच 1987 च्या पेपरमध्ये ते आहे. मी आयडियल गॅसने तपासलं. उकळबिंदूला, म्हणजे सुमारे 2835 केल्विनला, एक वातावरण दाबाखाली फुगवटा येतो जवळपास 33 हजार पट. 67 हजार यायला वाफ 5800 केल्विनच्या आसपास हवी. आर्कमध्ये तेवढं तापमान सहज असतं, म्हणून आकडा चूक नाही. पण तापमान न सांगता तो अर्धाच आहे. ही दहा मिनिटांची तपासणी तुम्हीही करू शकता, एमएस्सीचं पहिलं सेमिस्टर पुरे. मुलाखतीत असं एखादं उदाहरण सांगितलंत तर समोरचे सर खुर्चीत सरळ बसतात, अनुभव आहे.

एक राहिलंच. मैत्रिणीच्या पहिल्या मसुद्यात होस्टेलचा 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर गणितातून वगळला होता, ‘125 केव्हीएपेक्षा लहान असल्याने’. 2002 च्या आवृत्तीत अशी सूट होती खरी, पण 240 व्होल्टच्या आतल्या यंत्रणेला. अमेरिकेत 208 व्होल्टची तीन फेज असते, तिथे लहान ट्रान्सफॉर्मरवर आर्क टिकत नाही असा समज होता. आपल्याकडे दोन फेजमध्ये 415. ती सूट आपल्याला कधी लागूच नव्हती, आणि 2018 मध्ये तर तिकडेही काढून टाकली. आता तिथे 2000 अँपिअरच्या आत आर्क टिकण्याची शक्यता कमी, पण नाकारता येत नाही, अशी सावध भाषा आहे. वाक्याचा अर्धा भाग उचलला की असं होतं.

रिपोर्टचं शेवटी काय केलं ते सांगते. गाईडनी आधी कुरकुर केली, एका पॅनलला दोन लेबलं कशी म्हणून. मग तयार झाले. ब्रेकरच्या पुढच्या कप्प्यांना एक आकडा, इनकमिंगच्या कप्प्याला वेगळा. इनकमिंगच्या रकान्यात कॅलरीऐवजी तिने लिहिलं: डीओ उघडून, तपासून, अर्थिंग केल्याशिवाय उघडू नये. गृहीतकांचा तक्ता परिशिष्टातून काढून पहिल्या प्रकरणात आणला. वेळेच्या तीन केस दिल्या आणि प्रत्येकीसमोर ती वेळ कुठून आली ते लिहिलं. तिसरीसमोर लिहिलंय, ‘समितीचं मत, मोजलेलं नाही’. दशांश स्थळं काढली, 51 लिहिलं.

योग्य मापाचं एलिमेंट मागवल्याचं पत्र संस्थेत गेलंय. स्कूटी दुसऱ्याच दिवशी हलली. बाकं अजून तिथेच आहेत.